किडनी नॉर्मल, तरी कमजोर

“तुमची किडनी कमजोर आहे,” वैद्यबाई म्हणाल्या आणि माझ्या पोटात गोळाच आला. मी गेले होते रात्री अंगातून वाफा निघतात म्हणून. पाळीचा ताळमेळ सहा महिन्यांपासून सुटलेला, एसी अठरावर, नवरा गोधडीत आणि मी पदराने वारा घेतेय. सिंगापुरात आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर चिनी औषधांचं दुकान आहे, भिंतभर लाकडी खणांचं. शेजारणीने हाताला धरून तिथे नेलं, दुभाषाही तीच.

नाडी बघितली ती दोन्ही हातांची, तीन-तीन बोटांनी, बराच वेळ. आमच्याकडचे वैद्य बाईचा डावाच हात बघायचे. मग जीभ. ती लालभडक आणि साय नसलेली बघून बाई गंभीर झाल्या. सकाळी बीटची कोशिंबीर खाल्ल्याचं मी कबूल केल्यावर शेजारीण इतकी हसली की भाषांतर खोळंबलं. पुढच्या वेळी रंगीत काही खाऊन यायचं नाही, अशी ताकीद मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप क्रिएटिनिन तपासून आले. नॉर्मल! रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला, तर दुसऱ्याच्या मुलीची पत्रिका बघावी तितक्या सभ्यपणे त्यांनी तो बघितला. त्यांची किडनी, ‘शन’, म्हणजे रक्त गाळणारे नुसते दोन अवयव नव्हेत. जन्मताना मिळालेलं भांडवल तिथे ठेवलेलं असतं. वाढ, बाळंतपण, म्हातारपण, सगळा खर्च त्यातूनच. ‘हुआंगदी नेइजिंग’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात बाईचं आयुष्य सातासातांनी मोजलंय: सातव्या वर्षी दात पडतात, चौदाव्या वर्षी पाळी येते, एकोणपन्नासाव्या वर्षी जाते. मला जानेवारीतच ४९ पूर्ण झाली होती. वाद घालायला जागाच उरली नाही.

पण खरी गोची उष्णतेची. सब्जा, गुलकंद, ताक, सगळं चालू आहे, असं मी अभिमानाने सांगितलं. बाईंनी मान हलवली. विस्तव वाढलेला नाही, पातेल्यातलं पाणी आटलंय; म्हणून तेवढ्याच आचेवर करपतंय. याला ‘यिन’ कमी होणं म्हणतात. दूध बुडाला लागतं तसंच हे, म्हणून मला चटकन कळलं. मात्र लगेच बर्फाचं पाणी बंद, कोमट प्यायचं, असंही सांगितलं. तेही सिंगापूरच्या उकाड्यात!

औषध म्हणून काळ्या बारीक गोळ्या, झ-बाय दी-हुआंग वान. त्यातली मूळची सहा द्रव्यं सोंग राजवटीच्या काळातल्या छ्येन यी या बालवैद्याने वाढ खुंटलेल्या मुलांसाठी योजलेली, वर वाफांसाठी आणखी दोन. रडू येतं, चिडचिड होते, असं सांगितल्यावर एक पुडीही मिळाली, काढ्यासाठी. त्याआधी बीपी मोजलं, कारण पुडीत जेष्ठमध होता, आणि तो फार झाला तर बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. माझं बीपी ठीक निघालं.

सुया टोचून घ्यायचाही प्रस्ताव होता. मेलबर्नच्या लेकीने एक अभ्यास पाठवला. २०१६चा, ऑस्ट्रेलियातलाच, ३२७ बायकांवर, आणि निदान नेमकं माझंच. निम्म्यांना खऱ्या सुया टोचल्या, निम्म्यांना बोथट, न टोचणाऱ्या. वाफांचा त्रास दोन्हीकडे जवळजवळ सारखाच, सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाला. बोथट सुईचा दर वेगळा असतो का, हे विचारायचं ओठांवर आलं होतं.

सहा आठवडे झाले. झोप बरी लागते, रात्री तीनदा उठायचे ती आता एकदाच उठते. श्रेय गोळ्यांचं, की बंद केलेल्या संध्याकाळच्या चहाचं, यावर घरात दोन तट आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ मी घेतलीच आहे, गोळ्यांची पाकिटं त्यांनाही दाखवणार.

पुडी घरी उघडली तेव्हा आई सांगलीहून व्हिडिओवर होती. आत गहू, जेष्ठमध आणि सुकलेली लाल फळं, जी दुकानात खजूर म्हणून मिळतात पण आहेत बोराच्या कुळातली. तीन वाट्या पाणी आटवून एक वाटी करायचं.

“एवढंच?” आई म्हणाली. “अगं, गहू तर घरात असतील की! किती घेतले?”

मी नेटवर्क गेल्याचं सोंग केलं.