आम्ही आणि आपण

सोंग वठवणे आणि गोष्ट सांगणे यांतील अंतर आम्हाला मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथे, एका उघड्यावरच्या संग्रहालयात उमगले. २०११ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे बॉस्टनला गेलो होतो. जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेली माणसे परदेशात जशी संग्रहालये पाहतात, तसेच हेही पाहायला गेलो.

तेथे दोन वस्त्या होत्या. इंग्रज वसाहतवाल्यांच्या वस्तीत सदैव १६२७ साल चालू. तेथील गृहिणी जुन्या वळणाचे इंग्रजी बोलत आणि आजचे काही विचारले की कळलेच नाही असे दाखवत. सोंग उत्तम वठले होते. दुसरी वस्ती वाम्पानोआग लोकांची. झाडाच्या सालीने शाकारलेले घर, म्हणजे 'वेतू', आणि अखंड खोड विस्तवाने कोरून घडवलेली होडी, म्हणजे 'मिशून'. येथे हरणाच्या कातड्याचा पेहराव केलेली माणसे मूलनिवासी समाजांतलीच होती, आणि त्यांनी सोंग घेतलेले नव्हते. पोशाख सतराव्या शतकाचा, बोलणे आजचे.

हे ध्यानात न आल्याने आमची फजिती झाली. खोडात निखारे सारणाऱ्या एका बाईंना आम्ही विचारले, "तुम्ही लोक काय खात होता?" त्या हसून म्हणाल्या, "मी आज सकाळी अंडी खाल्ली." आमच्या प्रश्नातील भूतकाळ त्यांनी अलगद काढून आमच्याच हातात ठेवला.

मग त्यांनी मोशपची गोष्ट सांगितली. मोशप हा महाकाय पुरुष. मार्थाज व्हिनयार्ड बेटावरील अक्विना येथे तो नुसत्या हातांनी देवमासे पकडी आणि कड्यांवर आपटी. त्या रक्ताने तेथील मातीचे कडे लाल झाले. सांगताना बाईंचे हात कधी मोशपचे होत, कधी माशाचे. आवाज मात्र आरंभापासून त्यांचा स्वतःचाच राहिला. आमचे कीर्तनकार असेच करीत, हे तेव्हा आठवले. आणि शेवटी त्या सहज म्हणाल्या की 'वी' अजून येथेच राहतो.

हा 'वी' आमच्या मनातून गेला नाही. इंग्रजीत तो कोणालाही पोटात घेतो. ऐकणाराही नकळत त्यात जाऊन बसतो. मराठीत तसे चालत नाही. श्रोत्याला वगळायचे तर 'आम्ही', सामावून घ्यायचे तर 'आपण'. (हा भेद आपल्याकडे द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आला, असे बरेच अभ्यासक मानतात.) पुढे वाचनात आले की वाम्पानोआग भाषेतही हा भेद आहे. अ‍ॅन मेकपीस यांच्या माहितीपटाला 'आस नुतायुनेआन' असे नाव आहे. त्याचा अर्थ, आम्ही अजून येथेच राहतो. त्यातील आरंभीचा 'न' श्रोत्याला बाहेर ठेवणारा. म्हणजे 'आम्ही'च.

ती भाषा एकोणिसाव्या शतकात बोलण्यातून नाहीशी झाली होती. जेसी लिटल डो बेअर्ड यांनी १९९३ पासून ती परत मिळवण्याचे काम चालवले. आधार कशाचा? जॉन एलियट या धर्मप्रसारकाने १६६३ साली छापलेल्या बायबलचा, आणि तिच्या भाषकांनीच लिहून ठेवलेल्या कागदपत्रांचा. त्यांत जमिनीच्या खरेदीखतांचाही समावेश होता. जमीन ज्या कागदांवरून गेली, त्या कागदांवरून भाषा परत आली! यापुढे आमच्या व्याकरणाच्या तासांना काय म्हणावे?

'आम्ही' म्हणण्याची किंमतही पडते. १९७० साली, इंग्रजांच्या आगमनाला ३५० वर्षे झाल्याच्या सोहळ्यात वामसुट्टा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग संगीतशिक्षकांना भाषणाचे निमंत्रण होते. मसुदा वाचून आयोजकांनी तो बदलायला सांगितले. त्यांनी नकार दिला. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला प्लिमथच्या कोल्स हिलवर मूलनिवासींनी शोकदिन पाळला, आणि पुढे तो दरवर्षी पाळला जाऊ लागला. प्लिमथच्या जागी पूर्वी पटक्सेट हे वाम्पानोआग गाव होते. १६१६ नंतरच्या साथीत ते ओस पडले. संग्रहालयाच्या नावात 'पटक्सेट' आले, तेही २०२० मध्ये.

असो. त्या रात्री नातवाला मोशपची गोष्ट मराठीत सांगितली. पोराचा जन्म बॉस्टनचा. शेवटच्या वाक्याशी आम्ही थबकलो आणि मग 'आम्ही' असेच म्हटले.

"आपण नाही?" त्याने विचारले.

आम्ही दिवा मालवला. तो बराच वेळ जागा होता.