२५५ नंतर ५११ : चिपच्या आत पाहण्याची गोष्ट

मार्च २०२५ मध्ये ‘विक्रम ३२०१’ आणि ‘कल्पना ३२०१’ या दोन ३२-बिटी मायक्रोप्रोसेसरांची पहिली उत्पादित खेप इस्रोच्या हाती आली. विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने चंडीगडच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीच्या साहाय्याने ते विकसित केले. त्यांपैकी ‘विक्रम’ची परीक्षा त्याआधीच अंतराळात झाली होती. ३० डिसेंबर २०२४ रोजी निघालेल्या पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत, पोएम-४ या मंचाच्या संगणकात तो बसवलेला होता. चर्चा झाली ती अर्थातच चिपची. इस्रोच्या निवेदनातील एक तपशील मात्र मागे राहिला: या प्रोसेसरसाठी लागणारा एडा भाषेचा कंपायलर, असेम्बलर, लिंकर, सिम्युलेटर आणि ही सारी साधने एकत्र हाताळणारी प्रणाली इस्रोने स्वतःच घडवली आहे. या तपशिलाचे मोल समजण्यासाठी भौतिकशास्त्राच्या एका साध्या प्रयोगशाळेत थोडा वेळ थांबायला हवे.

तेथे पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी वैश्विक किरणांपासून निर्माण होणारे म्युऑन मोजत होती. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन जातो. तिच्या डिटेक्टरची पाटी १०० चौरस सेंटिमीटरची, म्हणजे मिनिटाला सुमारे १०० स्पंद. ते मोजण्याचे काम १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एका आठ-बिटी मायक्रोकंट्रोलरकडे होते. स्पंद आला की इंटरप्ट येई, चालू काम क्षणभर बाजूला पडे आणि मोजणी एकाने वाढे. मुख्य प्रोग्राम दर १० मायक्रोसेकंदांनी मोजणी वाची आणि एका मिलिसेकंदापूर्वीच्या मोजणीशी ताडून पाही. फरक पाचाहून अधिक भरला, तर कणांचा ‘झोत’ आला असे मानून ती वेळ नोंदवी.

झोत येत होते. दिवसाला सहा-सात, आणि तेही सलग दोन महिने. एखादा अतिऊर्जावान कण वातावरणावर आदळला की कणांचा वर्षाव होतो, हे तिला पाठ होते. एका परिषदेसाठी भित्तिपत्रकाचा मसुदाही तयार झाला. तिच्या मार्गदर्शकांना मात्र एवढ्या लहान पाटीवर असे झोत मिळणे संशयास्पद वाटले. एका सहकाऱ्याने सोपा उपाय सुचवला: “गोंगाट समजून गाळून टाक.” तिच्यापुढे दोन वाटा होत्या. झोत खरे मानायचे किंवा ते पुसून टाकायचे. दोन्ही वाटांवर कारण अज्ञातच राहणार होते.

तिने प्रथम केले ते प्रत्येक नवखा करतो तेच. प्रत्येक फेरीत मोजणी पडद्यावर छापण्याची ओळ तिने प्रोग्राममध्ये घातली. झोत थांबले. तीन दिवस एकही नोंद नाही. ओळ काढली की झोत परत. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीला येथे क्वांटम मापनाची आठवण व्हावी हे साहजिक होते, पण कारण त्याहून पुष्कळ साधे होते. वाटीभर पाण्यात बोजड, थंड तापमापक बुडवला तर तो पाण्याचेच तापमान बदलतो. ९६०० बॉडच्या गतीने एक अक्षर पाठवायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. दहा अक्षरांना १०. जी फेरी १० मायक्रोसेकंदांत पुरी होत होती, ती हजारपट लांबली होती. ज्या घड्याळात दोष होता ते घड्याळच तिने बदलून टाकले होते.

मग तिने केवळ झोताच्या वेळीच आकडे छापायचे ठरवले. झोत आला, आकडे उमटले: आधीची मोजणी २५५, आताची २५६. फरक एकाचा! तरीही प्रोग्रामने तो पाचाहून अधिक ठरवला होता. एक हा आकडा पाचाहून मोठा आहे असे यंत्र शांतपणे सांगत होते.

येथे कार्यशाळेतील एक ज्येष्ठ तंत्रज्ञ मदतीला आले. त्यांनी तळहाताएवढा एक डीबगर आणून दिला. हे साधन मायक्रोकंट्रोलरच्या पायाला जोडतात आणि प्रोग्राममधील हव्या त्या ठिकाणी ब्रेकपॉइंट लावतात. प्रोग्राम आपल्या मूळ वेगाने धावत राहतो. त्या ठिकाणी पोहोचला की जागच्या जागी गोठतो आणि रजिस्टर, मेमरी, सारे काही वाचता येते. ब्रेकपॉइंट झोत नोंदवणाऱ्या ओळीवर लावला गेला. तीन तासांनी प्रोग्राम थांबला. मेमरीत मोजणी होती २५६. ज्या रजिस्टरांत ती वाचून घेतली होती, त्यांत मात्र ५११.

तंत्रज्ञांनी कागदावर दोन चौकोन काढले आणि विचारले, “मॅडम, आठ-बिटी यंत्र एवढा मोठा आकडा एका घासात गिळेल का?”

उत्तर त्या प्रश्नातच होते. १६-बिटी मोजणी दोन बाइटांत राहते आणि आठ-बिटी यंत्र ती दोन वेळा वाचते. मोजणी २५५ असताना खालचा बाइट २५५ आणि वरचा ०. प्रोग्रामने खालचा बाइट वाचला, २५५. नेमका त्याच वेळी म्युऑन आला, इंटरप्टने मोजणी २५६ केली: खालचा बाइट ०, वरचा १. परतल्यावर प्रोग्रामने वरचा बाइट वाचला, १. अर्धा आकडा जुना, अर्धा नवा. १ गुणिले २५६, अधिक २५५, म्हणजे ५११. छापताना मात्र मोजणी मेमरीतून पुन्हा वाचली गेली, तोवर ती नीट २५६ झालेली होती. म्हणून कागदावर फरक एकाचा आणि निर्णयात फरक २५६ चा.

त्यानंतरचे गणित तिने त्याच कागदावर केले. एक बाइट वाचायला या यंत्राला दोन ठोके, म्हणजे १२५ नॅनोसेकंद लागतात. दोषाची फट तेवढीच. १० मायक्रोसेकंदांच्या फेरीत स्पंद त्या फटीत पडण्याची शक्यता ८० त एक. दिवसाचे १,४४,००० स्पंद, त्यांत २५६ ची सीमा ओलांडण्याचे प्रसंग सुमारे ५६२. त्यांना ८० ने भागले की ७. दिवसाला सहा-सात झोत! आणि छपाईमुळे फेरी हजारपट लांबली असता तोच प्रसंग साडेचार महिन्यांतून एकदा येणार होता. तीन दिवसांची शांतता तिला फसवत होती.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली: मोजणी वाचण्यापूर्वी इंटरप्ट रोखायचे, वाचून झाले की पुन्हा मोकळे करायचे. पुढच्या महिनाभरात एकही झोत आला नाही. दोन महिन्यांच्या झोतांच्या नोंदी तिने वहीत तशाच ठेवल्या, त्यांवर कारण लिहिले आणि भित्तिपत्रक मागे घेतले. नोंदी नुसत्या गाळल्या असत्या, तर वाचनातील तोच दोष पुढच्या प्रयोगात तिच्यासोबत गेला असता.

आत पाहण्याची ही सोय प्रोसेसरबरोबर आपसूक आलेली नाही. १९७० च्या दशकात अभियंते बोर्डवरील प्रोसेसर काढून त्याच्या खोबणीत एम्युलेटरची केबल खोचत. दुसऱ्या टोकाला असलेले मोठे यंत्र प्रोसेसरचे सोंग घेई आणि आपले अंतरंग उघडे ठेवी. पुढे वेग वाढले, चिप बोर्डवर कायमच्या डाखल्या जाऊ लागल्या, आणि ती खोबणीच उरली नाही. तेव्हा निरीक्षणाची यंत्रणा चिपच्या आत गेली. जेटॅग हे मानक १९९० मध्ये आले ते मुळात बोर्डवरील जोडण्या तपासण्यासाठी. त्याच मोजक्या तारांवरून पुढे प्रोसेसर थांबवणे, एकेक पाऊल चालवणे, मेमरी वाचणे शक्य झाले. सिम्युलेटर याहून वेगळा. तो संगणकातच नकली प्रोसेसर उभा करतो आणि हार्डवेअर हाती येण्यापूर्वी प्रोग्राम तपासू देतो. मात्र म्युऑन कधी येणार हे त्याला कुणी सांगितल्याखेरीज कळत नाही. तिचा दोष सिम्युलेटरमध्ये कदाचित कधीच दिसला नसता. म्हणून दोन्ही साधने लागतात.

आता त्या मागे राहिलेल्या तपशिलाकडे परत यावे. अग्निबाणाच्या संगणकात १२५ नॅनोसेकंदांची फट राहून गेली, तर ती शोधण्यासाठी दोन महिने मिळत नाहीत. ‘विक्रम’ची आज्ञावली खास त्याच्यासाठी रचलेली असल्याने बाजारातील तयार साधने त्याला लागू पडत नाहीत, साधनेही घरीच घडवावी लागली. ‘कल्पना’ने दुसरी वाट धरली. स्पार्क व्ही८ या प्रसिद्ध मानकावर आधारलेली असल्याने तिला मुक्त-स्रोत साधने चालतात. आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ आणि सी-डॅकचे ‘वेगा’ प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या मानकावर उभे आहेत, आणि डीबगरने चिपशी कसे बोलावे याचेही खुले मानक रिस्क-फाइव्हकडे आहे. सी-डॅकच्या ‘तेजस ३२’ मायक्रोकंट्रोलरवरील ‘एरिस’ बोर्ड विद्यार्थ्यांनाही वापरता येतात.

यापुढे स्वदेशी चिपची बातमी येईल तेव्हा तिचा वेग आणि तिच्यावरील ट्रान्झिस्टरांची संख्या जरूर वाचावी. त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा: ती चुकली, तर आत कसे पाहायचे? त्या विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेत तो दोन चौकोनांचा कागद अजूनही ऑसिलोस्कोपच्या बाजूला चिकटवलेला आहे. नवा विद्यार्थी आला की ती त्याला प्रोग्राम दाखवण्याआधी तो कागद दाखवते.