मसूर ते शेणोली : बंद दार आणि उघडे दार

पुणे–मिरज रेल्वेमार्गावर कराड तालुक्यात मसूर आणि शेणोली अशी दोन लहान स्टेशने आहेत. एक्स्प्रेसच्या खिडकीतून त्यांची पाटीसुद्धा नीट वाचता येत नाही. या दोहोंच्या मध्ये शिरवडे आणि कराड. पॅसेंजर गाडीने हा टप्पा तासाभराच्या आत संपतो. परंतु एवढ्याशा टप्प्यात दोन मोठ्या गोष्टी घडून गेल्या आहेत. एक १९०१ सालची, दुसरी १९४३ सालची. पहिली आपल्या घराघरांत सांगितली जाते, दुसरी कुंडल-वाळव्याकडच्या घरांत सांगितली जाते. दोन्ही एकत्र सांगणारे फारसे कोणी भेटत नाही.

आमच्या अभ्यास मंडळातील मुलामुलींना घेऊन हा प्रवास करण्याचे निमित्त झाले ते एका सिनेमाचे. २०२२ साली 'सिल्व्हरटन सीज' नावाचा दक्षिण आफ्रिकेचा चित्रपट आला. सीज म्हणजे वेढा. पोरांनी तो मोबाईलवर पाहिला आणि रविवारच्या बैठकीत त्यावरच वाद सुरू झाला. कथा खऱ्या घटनेवर बेतलेली आहे. २५ जानेवारी १९८० रोजी, म्हणजे आपल्या प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, प्रिटोरिया शहराच्या सिल्व्हरटन भागातील एका बँकेत तीन तरुण शिरले. स्टीफन माफोको, हम्फ्रे माखुबो आणि विल्फ्रेड माडेला ही त्यांची नावे. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र दलाचे ते सैनिक होते. पोलीस मागावर लागल्याने ते बँकेत घुसले, तिथल्या पंचवीस माणसांना त्यांनी ओलीस धरले आणि मागणी केली की नेल्सन मंडेला यांना तुरुंगातून सोडा. काही तासांनी पोलिसांनी बँकेवर हल्ला चढवला. तिन्ही तरुण मारले गेले. ओलिसांपैकी दोघांचाही जीव गेला.

बारावीतली एक मुलगी म्हणाली, "काका, त्यांनी केलं ते बरोबर की चूक, एवढंच सांगा." मी म्हटले, "बाई गं, याचं उत्तर एका शब्दात देता यायचं नाही. त्यासाठी आधी कराडकडची दोन स्टेशनं पाहून येऊ, मग बोलू."

प्रथम मसूर. १९०१ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत चार मुले या स्टेशनावर उतरली. नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि वारलेल्या बहिणीची दोन मुले. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात गोरेगाव येथे नोकरीला होते. दुष्काळात माणसे मरत होती, म्हणून सरकारने तिथे तलावाचे काम काढले होते आणि त्या कामावर ते कॅशियर होते. मुलांनी नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे घातलेली. संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडीतून उतरून ती वडिलांच्या शिपायाची वाट पाहत राहिली. शिपाई आलाच नाही. मुलांचे पत्र वडिलांपर्यंत पोचलेच नव्हते.

स्टेशन मास्तर आधी आपुलकीने बोलला. अंगावरचे कपडे पाहून त्याला ही मोठ्या घरची मुले वाटली. पण आपण महार आहोत हे मुलांच्या तोंडून निघताच त्याचा चेहरा पालटला आणि तो तिथून बाजूला झाला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण दुप्पट भाडे देऊ केले तरी कोणी गाडीवान तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी की गाडी मुलांनी हाकायची, गाडीवानाने बाजूने चालायचे आणि भाडे दुप्पट द्यायचे. डब्यात जेवण होते, पण रात्रभर पिण्याचे पाणी मिळाले नाही. टोलनाक्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगून पाहिले, तरी मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मुले गोरेगावला पोचली. बाबासाहेबांनी ही हकीकत पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहून ठेवली. स्वतःच्याच देशात माणसाला परवान्यासाठी तिष्ठत ठेवतात, हे त्या नावातच आहे.

मसूरच्या फलाटावर बसून मी मुलांना ही हकीकत वाचून दाखवली. पाण्याच्या बाटल्या प्रत्येकाच्या हातात होत्या. वाचन संपल्यावर बराच वेळ कोणी बाटली उघडली नाही.

दक्षिण आफ्रिकेत १९४८ नंतर वर्णभेद हे सरकारचे अधिकृत धोरण झाले. काळ्या माणसाला मत नाही, हवे तिथे राहायची मुभा नाही, खिशात पास नसेल तर अटक. १९५३ च्या कायद्याने बाकडी, डबे, स्टेशनची दारे, समुद्रकिनारे वेगळे झाले आणि जागोजागी 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या लागल्या. मसूरला अशी पाटी नव्हती. तिथे पाटीचे काम स्टेशन मास्तरच्या चेहऱ्याने केले. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद करणारा पहिला देश भारत. साल १९४६. ही अभिमानाची गोष्ट खरीच, पण त्याच १९४६ साली आपल्या खेडोपाडी पाणवठे वेगळे होते.

गाडी पुढे कराडला येते. स्टेशन गावापासून दूर, ओगलेवाडीला आहे. प्रभाकर कंदील जिथे तयार होत ते हेच ओगलेवाडी. जुन्या पिढीतल्या कित्येकांनी त्या कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला. गाव कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर वसले आहे आणि जवळच आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. त्यांच्यासाठी एक दिवस वेगळा काढावा.

कराडच्या कचेरीवर २४ ऑगस्ट १९४२ रोजी बाळकृष्ण पाटील उंडाळकर यांच्या नेतृत्वाखाली हजारोंचा मोर्चा गेला. लोक निःशस्त्र होते आणि मोर्चा शांततेत पार पडला. मग तासगाव झाले. पण ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरलाही गोळीबार झाला. हातात झेंडा घेऊन चालणाऱ्याला गोळी मिळते हे दिसल्यावर सातारा जिल्ह्यातली तरुण पोरे भूमिगत झाली. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले आणि कुंडलला तुफान सेना तयार झाली.

दक्षिण आफ्रिकेत हेच अठरा वर्षांनी घडले. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या निःशस्त्र लोकांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. ६९ माणसे मेली. लगोलग आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली. डिसेंबर १९६१ मध्ये मंडेला व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशस्त्र दल उभे केले. सिल्व्हरटनचे तिघे त्याच दलाचे. वडूजनंतर तुफान सेना आणि शार्पव्हिलनंतर हे दल, असा हा क्रम मुलांनी वहीत लिहून घेतला.

आता शेणोली. ७ जून १९४३. पुणे–मिरज गाडीतून सरकारी नोकरांच्या पगाराची रक्कम जात असल्याची खबर तुफान सेनेला लागली होती. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, यांच्या तुकडीने शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून गाडी अडवली. गाडीला मागे जाता येऊ नये म्हणून मागेही दगड रचले. हातात काय, तर कोयते, काठ्या आणि दोन-तीन गावठी बॉम्ब. बंदूकवाल्या पहारेकऱ्याला त्यांनी आवरले आणि रोकड ताब्यात घेतली. कॅप्टन भाऊ तो आकडा म्हातारपणीही अचूक सांगत, १९,१७५ रुपये. या प्रकाराला लूट म्हटलेले त्यांना खपत नसे. इंग्रजांनी लोकांकडून लुबाडलेला पैसा आम्ही लोकांकडे परत आणला, असे ते म्हणत. उपाशी शेतकरी-मजुरांसाठी तो वापरला असेही सांगत. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी, वयाच्या शंभरीला टेकलेले असताना, ते वारले. रुळांच्या कडेला या घटनेचे स्मारक आहे. तिथे गाडी येत नाही ना, हे पाहूनच लेकराबाळांना न्यावे.

त्यापुढचे स्टेशन भवानीनगर. तिथल्या पोलीस चौकीसमोर नाना पाटलांच्या कन्या हौसाताईंनी दारुड्या नवऱ्याकडून मार खाणाऱ्या बायकोचे सोंग वठवले. 'नवरा' मोठा दगड उचलून अंगावर धावला. पोलीस ते भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी चौकीतल्या रायफली पळवल्या. नवराही सोंगाचा आणि भांडणही सोंगाचे, पण मार मात्र खरा खावा लागला. आमच्यातल्या मुलींना शेणोलीपेक्षा हीच गोष्ट जास्त आवडली.

परतीच्या गाडीत त्या मुलीने आपला प्रश्न पुन्हा काढला. मी तिला जे सांगितले ते इथे लिहितो.

शेणोलीच्या तुकडीने हात घातला तो सरकारी पगाराच्या रकमेला. सिल्व्हरटनच्या तिघांच्या हाती लागली ती बँकेत आलेली माणसे. कोणी पैसे भरायला आलेले, कोणी खिडकीमागे बसणारे कारकून. मी स्वतः कारकून आहे. अशा वेळी खिडकीमागे बसलेल्या माणसाच्या घरी काय चालले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. दक्षिण आफ्रिका मुक्त झाल्यावर तिथे सत्य आणि समेट आयोग नेमला गेला. वर्णभेद हा मानवतेविरुद्धचा गुन्हा होता असे त्याने १९९८ च्या अहवालात म्हटले. पण मुक्तीसाठी लढणाऱ्यांच्या हातून साधी माणसे मारली गेली, तेही त्याने झाकून ठेवले नाही. जिंकलेल्या बाजूने स्वतःचीही झडती होऊ दिली. मला यात त्या देशाचा मोठेपणा वाटतो.

आणि बाबासाहेबांनी काय सांगितले? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या भाषणात त्यांनी या प्रश्नाला थेट हात घातला. सनदशीर मार्गच जेव्हा उपलब्ध नव्हते, तेव्हा असनदशीर मार्गांचे पुष्कळसे समर्थन करता येत होते, हे त्यांनी मान्य केले. पण सनदशीर मार्ग खुले झाल्यावर त्या मार्गांना समर्थन उरत नाही, असे त्यांनी बजावले. म्हणजे पाहायचे ते हे की दार बंद होते की उघडे. वडूजला दार बंद होते. माफोको, माखुबो आणि माडेला यांना तर मताचा अधिकारच नव्हता. ते दहशतीच्या हौसेने बँकेत शिरले नव्हते. तरीही त्या दोन ओलिसांचे मरण हिशेबातून वगळता येत नाही. बरोबर की चूक या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच.

पुढे तिथलेही दार उघडले. ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला सुटले. त्याच वर्षी भारताने त्यांना आणि बाबासाहेबांनाही भारतरत्न दिले. २७ एप्रिल १९९४ रोजी काळ्या माणसांनी मैल-मैल रांगा लावून पहिल्यांदा मत दिले आणि १९९६ मध्ये त्यांनी आपले संविधान तयार केले. परका राज्यकर्ता आणि रंगाचा विटाळ, दोन्ही त्यांच्यापुढे एकाच रूपात उभे होते. आपल्याकडे ती दोन स्टेशने वेगळी होती. शेणोलीचा लढा १९४७ ला फळाला आला, पण त्याने मसूरची बैलगाडी आपोआप मिळाली नाही. त्यासाठी १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावे लागले आणि संविधानात सतरावे कलम लिहावे लागले.

आमच्या मुलांना मी एकच काम दिले आहे. पुढच्या सुट्टीत आपापल्या आईवडिलांना घेऊन मसूरला उतरायचे, बाबासाहेबांची ती हकीकत फलाटावर मोठ्याने वाचायची आणि मग शेणोलीला जायचे. तिकीट फार नाही. भाकरी आणि पाणी बरोबर घ्यावे. फलाटावर एखादा अनोळखी प्रवासी तहानलेला दिसला, तर त्याची जात न विचारता आपली बाटली पुढे करावी.