दुधाच्या काट्यापाशी

श्रीरामपूर,
१० नोव्हेंबर

चि. सुनंदा,

तुझा फोन झाल्यापासून झोप नाही. "मामा, आमची माणसं अडाणी, ऐकतच नाहीत," म्हणालीस आणि त्याच दमात सांगितलंस, की डब्यात उरलेल्या दोन गोळ्या धाकट्याच्या सर्दीला दिल्या! अगं, आशाताई ना तू? सर्दी विषाणूची. अँटिबायोटिक तिचं काही वाकडं करत नाही, पोटातल्या जंतूंना मात्र औषधाची सवय लावतं. रागावलो नाही. म्हणजे, रागावलोच.

आणि अडाणी कुणाला म्हणतेस? आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, आरोळे दांपत्यानं १९७० साली आरोग्याचं काम सुरू केलं आणि अक्षरओळख नसलेल्या बायांनाही आरोग्यसेविका केलं. अडाणी म्हणायचं तर मला म्हण. मी कंपाउंडर होतो तेव्हा सुई मारली नाही तर पेशंट दुसऱ्या दवाखान्यात जायचा. ऊसतोडीच्या माणसांना पाच दिवसांचं औषध परवडायचं नाही. दोन दिवसांच्या पुड्या मीच बांधून दिल्यात. आक्काच्या लघवीच्या कल्चरचा कागद आठवतो ना? औषधांच्या नावांपुढे ओळीनं 'आर', 'आर', 'आर'. लागू पडत नाही, असा त्याचा अर्थ. त्या पुड्या तेव्हापासून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

१८ तारखेपासूनच्या अँटिबायोटिक जागृती सप्ताहासाठी पोस्टरचा मजकूर मागितलास. त्यात काय लिहायचं? गोळ्यांच्या पाकिटावरची उभी लाल रेघ दाखव आणि सांग, ही दिसली की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. बाकी वेळ शाळेत घालवू नकोस. सकाळी डेअरीवर, दुधाच्या काट्यापाशी उभी राहा. गायीला दगडी झाली, कास सुजली, की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात आणि संध्याकाळची धार पुन्हा कॅनमध्ये! औषधावर लिहिलेत तितके दिवस ते दूध घालायचं नाही. लिहिलेलं नसेल तर निदान ७ दिवस. आता आठवड्याचं दूध ओतून दिल्यावर पेंडीचे पैसे कुठून आणायचे, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. पण विचारतील तरी. आणि गायींचंच कशाला? कोलिस्टिन हे माणसाचं अगदी शेवटचं राखीव औषध. तेसुद्धा कोंबड्यांना देत होते, केंद्रानं २०१९ मध्ये बंद केलं.

फोनवर जाता जाता म्हणालीस, तुमच्याही गायीची कास सुजलीय. बाळ तिचंच दूध पितो ना? ट्यूब कधी सोडली, कोणती सोडली, ते आजच्या आज कळव.

तुझा,
मामा