ड्रेसडेनचे काळे दगड

१/५
फेब्रुवारीतील एका गारठलेल्या सायंकाळी एक जोडपे जर्मनीतील ड्रेसडेन शहरात, फ्राउएनकिर्शे या चर्चसमोर उभे होते. फिकट पिवळ्या भिंतीत मधूनमधून काळे दगड बसवलेले. “आगीत जळालेले दिसतात,” तो म्हणाला.

२/५
समज स्वाभाविक, पण अपुरा. ते दगड जुन्या चर्चचेच. काळेपणा मात्र मुख्यतः वयाचा. या वालुकाश्मात लोह असते आणि हवा-पाण्याने तो हळूहळू काळवंडतो.

३/५
१३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी शहरावर बॉम्बवर्षाव केला; पाठोपाठ अमेरिकी विमाने आली. सुमारे २५,००० माणसे मृत्युमुखी पडली. आगीत तापलेले चर्च १५ तारखेच्या सकाळी कोसळले. ढिगारा चाळीसहून अधिक वर्षे तसाच राहिला. २००५ मध्ये चर्च पुन्हा उभे राहिले. त्याच्या शिखरावरील क्रूस घडवणाऱ्या ब्रिटिश सोनाराचे वडील त्या हल्ल्यातील वैमानिक होते.

४/५
“आणि त्याआधी?” तिने विचारले. काही मिनिटे चालून दोघे नव्या सिनेगॉगपाशी आले. ज्यूंचे जुने सिनेगॉग ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री पेटवले गेले, तेव्हा आकाशात शत्रूचे एकही विमान नव्हते. अग्निशमन दलातील एका जवानाने त्यावरील तारा वाचवून लपवून ठेवला. तोच आज नव्या प्रवेशद्वारावर आहे.

५/५
चर्चचे नवे दगडही कालांतराने काळवंडतील. जुन्या-नव्याचा भेद भिंतीवर दिसेनासा होईल. कोणती रात्र आधी आली, हे मात्र दगड सांगत नाहीत. ते माणसांनीच सांगत राहावे लागते.