शंभर लिटरचा संसार

हनिमूनला गोवा, अ‍ॅनिव्हर्सरीला बाली आणि मधल्या वीकेंडना लोणावळा! आपल्या पिढीचा हा ट्रॅव्हल सिलॅबस कोणी सेट केलाय ठाऊक नाही, पण सगळे तो इमानेइतबारे पूर्ण करतात. त्यात आता एक नवा चॅप्टर आलाय, कारवान. ते फोटो तुम्हीही लाइक केले असतील. व्हॅनचं मागचं दार उघडं, समोर समुद्र, पायांवर पांघरूण आणि हातात कॉफीचा मग. त्या फोटोत एक गोष्ट कधीच दिसत नाही. कॉफीचं पाणी आलं कुठून, आणि मग धुतल्यावर ते गेलं कुठे?

हौस म्हणून घर चाकांवर बसवायची आयडिया तशी जुनी आहे. ब्रिटिश नौदलात डॉक्टर असलेल्या गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ‘द वाँडरर’ नावाची ऐसपैस गाडी बांधून घेतली, तिला दोन घोडे जुंपले आणि ते देश बघायला निघाले. आपल्याकडे लमाणांचे तांडे त्याच्या कितीतरी आधीपासून बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून फिरत होते. ते अर्थात हौसेसाठी नव्हे, पोटासाठी. आणि आषाढात पंढरपूरच्या रस्त्यावर उभं राहून बघा. दिंडीमागचे ट्रक, तंबू, शेगड्या, पाण्याचे टँकर... महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी कारवान तीच! आपल्या सरकारने कारवान पर्यटनाचं धोरण आणलं ते २०२१ मध्ये. केरळनेही त्याच वर्षी. गाडी लावायला जागा, वीज, पाणी आणि सांडपाण्याची सोय असलेले पार्क उभारायचे, ही त्यातली मूळ कल्पना. पण असे पार्क काही पावलोपावली नाहीत. बऱ्याचदा कुणाच्या तरी अंगणात, विचारूनच गाडी लावावी लागते.

आम्ही जानेवारीत पुण्याहून अशी एक गाडी भाड्याने घेतली. संक्रांतीला सासरी मैंदर्गीला जायचं, सोलापुरात गड्ड्याची यात्रा करायची आणि तिथूनच समुद्राकडे सुटायचं, असा प्लॅन. मैंदर्गी म्हणजे अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकच्या सीमेला टेकलेलं गाव. घरात कानडी, दारात मराठी. सासू-सासऱ्यांना आम्ही अव्वा आणि अप्पाच म्हणतो. त्यांचं घर माळवदाचं, जाड भिंतींचं, मागच्या अंगणात आड असलेलं. हे घर अप्पांनी विकायला काढलं होतं. गिऱ्हाईकही ठरलेलं. ते पैसे आणि आमची सेव्हिंग्ज मिळून पुण्यात टू बीएचकेचं डाउन पेमेंट करायचं, मग अप्पा-अव्वा कायमचे आमच्याकडे. बिल्डरला टोकन द्यायची शेवटची तारीख सोमवार.

म्हणजे खाली डिझेल होतं आणि डोक्यावर वीस वर्षांचा ईएमआय!

अव्वांनी कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचा डबा दिला. सांगोला, मिरज, कोल्हापूर करत राधानगरीजवळ एक मुक्काम झाला आणि फोंडा घाट उतरून शुक्रवारी संध्याकाळी मालवणला पोचलो. इथे एकच रात्र थांबायचं होतं, पुढे गोकर्ण. चिवल्याच्या बाजूला एका माडाच्या वाडीत काकींना विचारलं, गाडी लावू का?

“तुमी खयसून इलात?”

सोलापूरकडून म्हटल्यावर त्या खूश. “म्हणजे पंढरपुराकडचे! रवा मगे.”

त्या रात्री आम्ही भांडलो. कारवानमधल्या भांडणाची एक अडचण सांगते. आपटायला दार नसतं आणि रुसून जायला दुसरी खोली नसते. गुडघ्याला गुडघा लावूनच भांडावं लागतं. मी विचारलं, अव्वा कुरडया कुठे वाळवणार? नवरा म्हणाला, टेरेसवर. मी म्हटलं, टेरेसला सोसायटीचं कुलूप असतं. तो म्हणाला, “भावनेवर होम लोन मिळत नाही.” मुद्दा बिनतोड होता. दोघंही पाठीला पाठ लावून झोपलो.

सकाळी गाडीचा पाण्याचा पंप बंद पडलेला. कंपनीला फोन केला तर मेकॅनिक सोमवारशिवाय येणार नाही म्हणे. मी हताश. काकी हसल्या. “पंप नाय तर नाय. बाव आसा, कळशी आसा. उचलूक हात आसत ना?”

तर आता पाण्याचा हिशेब. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं, असा सरकारी निकष आहे. म्हणजे दोघांचे २७०. आमच्या गाडीची टाकी होती १०० लिटरची आणि तीही दोन दिवस पुरवायची. माणशी पंचवीस लिटर! माझी आंघोळच तेवढ्यात होते. नवऱ्याला मात्र काहीच जड जात नव्हतं. अर्ध्या बादलीत आंघोळ. तांदूळ धुतलेलं पाणी ताटं विसळायला. ताटं विसळलेलं पाणी बाहेर माडाच्या बुंध्याशी. भांडी आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. पुण्यात शॉवरखाली पंधरा मिनिटं गाणी म्हणणारा हाच का तो?

“हे कुठे शिकलास?”

“शिकलो कुठे? घरात असंच होतं.”

सोलापुरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येणं ही बातमी नसते. मैंदर्गीच्या घरी तर पाण्याचा दिवस हा सणासारखा. रांजण, घागरी, हंडे, तपेली, जे मिळेल ते भरायचं. कोणतं पाणी प्यायचं, कोणतं वापरायचं, कोणतं झाडांना, हे अव्वांच्या डोक्यात पक्कं. १९७२च्या दुष्काळात लहान असलेल्या माणसांच्या हातात ते मुरलेलंच असतं. त्या हातांनी वाढवलेला मुलगा माझ्यासमोर मालवणात तांब्याने भांडी धूत होता.

काकींची विहीर भरलेली होती. मी दोन कळश्या जास्त काढल्या तर त्यांनी हटकलं. “पाणी काढा, पण जपान. मे म्हयन्यात ह्या खारा लागता.” मला आश्चर्य वाटलं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सोलापुरात त्याचा पाचवा-सहावा हिस्सा. मग इथे टंचाई कशी? पण इथला पाऊस जांभ्यातून झिरपून, उतारावरून धावत समुद्राला मिळतो. किनाऱ्याच्या वाळूत जे गोडं पाणी उरतं ते हलकं असतं, म्हणून खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं. उपसा वाढला की खालचं खारं वर चढतं. म्हणजे जिथे धो धो पडतो तिथेही ते राखावं लागतंच.

रविवारी होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. चहूबाजूंनी समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. नावं ठेवणाऱ्यांना पाण्याची किंमत किती नेमकी कळली होती! तटबंदी केवढीही मजबूत असू दे, आत पाणी नसतं तर वेढा पडल्यावर किल्ला किती दिवस तगला असता? सगळे तटावर सेल्फी काढत होते. नवरा साखरबावेच्या काठावर वाकून बराच वेळ आत बघत राहिला.

“आपल्या आडात पाणी असेल का गं अजून?”

मला काय माहीत? बोअर घेतल्यापासून आडावर पत्रा आणि पत्र्यावर दगड. मी लग्न होऊन आले तेव्हाही तो तसाच होता.

संध्याकाळी त्याने अव्वांना फोन लावला, स्पीकरवर. दोघं बराच वेळ कानडीत बोलले. मग त्या माझ्यासाठी मराठीत आल्या. “घर विका की. मी कुठं नको म्हणते? तुमच्याकडं आले की मला पाणी भरायचं नाही, सारवायचं नाही, दारात कुणी यायचं नाही. सगळं बरंच आहे. पण दिवसभर मी काय करू, तेवढं सांग बाई.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि गंमत बघा, आम्ही बघितलेल्या त्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात. ज्यांना पाणी पुरवून वापरण्यातलं सगळं कळतं, त्यांना तिथे सिक्युरिटीला टँकरचं टायमिंग विचारत बसावं लागलं असतं.

ताटं विसळता विसळता नवरा म्हणाला, “टोकन नको देऊया.” भावनेवर होम लोन मिळत नाही हे त्याचं म्हणणं खरंच होतं आणि अजूनही आहे. म्हणून आम्ही लोनच घेतलं नाही. भाड्याच्या वन बीएचकेत आहोत. अप्पा-अव्वा वर्षातून चार महिने आमच्याकडे, उरलेले आठ गावी, असं ठरलं. यात सगळं गोड नाही. अप्पा पंधरा दिवस आमच्याशी बोलले नाहीत. माळवद दुरुस्तीला मागतंय. त्या फ्लॅटचा भाव वाढलाय, हे नवरा मला न सांगता अधूनमधून चेक करतो.

आणि गोकर्ण राहिलं ते राहिलंच. मेकॅनिक सोमवारी दुपारी आला तोवर आम्हाला पंपाची गरजच वाटेनाशी झाली होती.

तुम्ही निघणार असाल तर एवढंच सांगेन. बुकिंगच्या वेळी टीव्ही किती इंचाचा हे विचारण्याआधी पिण्याच्या पाण्याची आणि सांडपाण्याची, दोन्ही टाक्या किती लिटरच्या आहेत ते विचारा. सांडपाणी किनाऱ्यावर सोडू नका. साबण नसलेलं पाणी झाडाला चालतं का, ते घरमालकांना विचारून मगच घाला. कुणाच्या विहिरीचं पाणी घेतलंत तर निघताना कळशी भरून ठेवा. आणि एकमेकांशी बोलायचा एखादा विषय महिनोन् महिने राहून गेला असेल, तर तो बरोबर घ्या. तिथे दुसरी खोली नसते.

एप्रिलमध्ये आम्ही आडावरचा पत्रा काढला. गाळ उपसायला चार माणसं आणि दोन दिवस लागले. तळाला गुडघाभर पाणी मिळालं, पिण्याजोगं नाही, वापरायला चालेल असं. अव्वांनी त्यावर कढीपत्ता आणि शेवगा लावलाय. अप्पा आडाच्या काठावर बसतात आणि अजून म्हणतात, गिऱ्हाईक चांगलं होतं.