शुक्रवारची रात्र, गाडी नंबर 61

'पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' अप्रेझल फॉर्ममधला हा रकाना भरताना तुमचंही डोकं फिरतं ना? माझं दरवर्षी फिरतं. यंदा जरा जास्तच, कारण बॉसने तिसऱ्यांदा विचारलंय, 'मॅनेजर होतोस का?' आणि मला अजूनही कोडच लिहायचाय.

अशा वेळी मला हमखास आठवतो रिची इव्हान्स. कोण म्हणताय? 2007 पर्यंत मलाही माहीत नव्हतं. तेव्हा मी अमेरिकेत हार्टफर्डला ऑनसाइट होतो. विमा कंपन्यांचं शहर, संध्याकाळी सहानंतर सामसूम. क्लायंटकडचा पन्नाशीचा एक गृहस्थ एका शुक्रवारी म्हणाला, चल, रेस दाखवतो. जवळच स्टॅफर्डचा ट्रॅक, अर्ध्या मैलाचा, लंबगोल, डांबरी. गाड्या सुटल्या आणि छातीत अख्खं ढोलपथक शिरलं! जळक्या रबराचा वास, कानात बोळे, हातात फ्रेंच फ्राइज. स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधल्या गाडीवरून बेतलेली रेसची गाडी. पण या होत्या 'मॉडिफाइड'. चाकं बॉडीच्या बाहेर, उघडी, टायर हे एवढे रुंद. गाडी कसली, चिडलेला खेकडाच! चालवणारे बरेचसे आठवडाभर नोकरी-धंदा करणारे.

'इथे रिची यायचा,' तो म्हणाला. आपल्याकडे सचिनबद्दल बोलतात ना, अगदी त्या आवाजात.

रिची न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकरी घरातला. सोळाव्या वर्षी शेत सोडून गॅरेजमध्ये कामाला लागला. पुढे रोम नावाच्या गावात (इटलीतलं नव्हे!) स्थिरावला, म्हणून टोपणनाव 'रॅपिड रोमन'. भडक केशरी गाडी, नंबर 61. नॅसकारच्या मॉडिफाइड गटाचा तो नऊ वेळा राष्ट्रीय विजेता झाला. 1973 मध्ये एकदा, मग 1978 ते 1985 सलग आठ वर्षं. गंमत म्हणजे त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी जेरी कुकही रोमचाच, सहा वेळचा विजेता. 1971 ते 1985, पंधराच्या पंधरा वर्षं ट्रॉफी एकाच गावात!

नाव राष्ट्रीय, पण हा खेळ मुख्यतः ईशान्य अमेरिकेतला. 1984 पर्यंत गुण जमायचे ते गावोगावच्या रेसमधून. आज या ट्रॅकवर, उद्या त्या. मधल्या रात्री गाडी ट्रकवर चढवून प्रवास. टीव्हीवर झळकणारी नॅसकारची कप सिरीज वेगळी. तिथे रिचीने करिअर केलंच नाही. त्याचे चारशेहून जास्त विजय या छोट्या ट्रॅकवरचेच.

हे सगळं मी बायकोला रंगवून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, 'तू नाही म्हणतोयस ते काम आवडतं म्हणून, की पुढे जायची भीती वाटते म्हणून?'

बोलती बंद. फ्लॅटचे हप्ते अजून अकरा वर्षं आहेत, तेही तिने आठवून दिलं.

खरं सांगू? छोट्या जागी राहणं म्हणजे सुरक्षित राहणं, असं मलाही कुठेतरी वाटत होतं. पण रिची गेला तो असल्याच अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर. व्हर्जिनियातलं मार्टिन्सव्हिल, 24 ऑक्टोबर 1985. रेस नव्हती, सराव होता. गाडी भिंतीवर आदळली. वय 44, नववं विजेतेपद आधीच नक्की झालेलं. 2012 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, कपवाल्या दिग्गजांच्या रांगेत. मॉडिफाइड गटात 61 नंबर त्यानंतर कुणालाच दिला जात नाही.

बायकोला मी शेवटी म्हटलं, 'भीतीही आहे. पण काम जास्त आवडतं.' ती म्हणाली, 'मग तसंच लिही. आणि पगारवाढ मागायला विसरू नकोस.'

लिहिलं. 'पाच वर्षांनंतर? याच टीममध्ये, कोड लिहिताना.' खाली पगाराचा आकडाही टाकला, चांगला घसघशीत. फॉर्म काल रात्री पाठवलाय. बॉसने अजून उघडलेला नाही.